उस्तादांच्या खुर्चीतली झोप

माझं वाचनालय आणि उस्तादांचं सलून यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. भिंत म्हणायची आपली पद्धत. पलीकडे कुणी शिंकलं तर मी इकडून "जपा हो" म्हणते. त्यामुळे उस्तादांचं निम्मं आयुष्य मला, मागितलेलं नसताना, तोंडपाठ झालेलं आहे.

उस्तादांचे वडील झाडाखाली पेटी मांडून दाढ्या करायचे. उस्तादांनी दुकान केलं, आरसे लावले आणि दोन खुर्च्या आणल्या. पहिली गुबगुबीत, गोल फिरणारी, मान टेकवायला उशी असलेली. तिच्यामागे उस्ताद स्वतः. दुसरी साधी लाकडी, आतल्या कोपऱ्यात. तिच्यामागे एक शिडशिडीत, कमी बोलणारा कारागीर उभा असतो, त्याला सगळा चौक 'दोन नंबर' म्हणतो. तो कामाला लागला तेव्हा उस्तादांनी कबूल केलं होतं, की मोठी खुर्ची एक आठवडा तुझी, एक आठवडा माझी, फक्त जरा हात बसू दे. हात केव्हाच बसला, केसही पांढरे व्हायला लागले, तरी दोन नंबरने विषय काढला की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "बघू रे, जरा हात बसू दे."

माणूस वाईट नव्हे हं. दिलदार, गप्पिष्ट, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा. आणि अभिमान एकाच गोष्टीचा. "केस काय ताई, कुणीही कापतो," ते मला सांगायचे. "दाढी करताना माणूस झोपला पाहिजे. गळ्याला वस्तरा आणि गडी घोरतोय, ही खरी पावती!" आणि खरंच झोपायचे लोक. आमचे रिटायर झालेले हेडमास्तर तर असे घोरायचे, की माझ्याकडच्या कपाटाची काच थरथरायची.

मग ती निळ्या कव्हरची कादंबरी आली. आणली मीच.

आपल्या देशातल्या मालक-नोकरांवरची गोष्ट. हसवता हसवता पोटात गोळा आणणारी. एक न्हावी रोज सकाळी बंगल्यावर शेठची दाढी करायला जातो. शेठ त्याला उन्हात ताटकळत ठेवतात, घट्ट होणारे जुने बूट बक्षीस देतात, आणि वर 'तू घरचाच आहेस' म्हणतात. न्हावी सगळं हसत ऐकतो. शेवटच्या प्रकरणात दाढी अर्धी झालेली असते, शेठ डोळे मिटून पडलेले असतात, आणि न्हावी वस्तरा गळ्याशी आणून थांबतो. पुढचं मी सांगणार नाही, पण भांड्यातलं साबणाचं पाणी शेवटी गुलाबी होतं एवढं सांगते.

माझ्या वाचकांनी पुस्तकावर उड्या टाकल्या. आणि प्रत्येकाचं मत एकच, की हे दुसऱ्या कुणीतरी वाचायला हवं. बँकेचे मॅनेजर म्हणाले, "आमच्या साडूला द्या, हुबेहूब तो शेठच आहे." साडू आले, ते म्हणाले, "मॅनेजरांना दाखवलंत का?" डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांत संपवलं आणि त्या दोन दिवसांत स्वयंपाकाच्या बाईंना दिसू नये म्हणून ते उशीखाली ठेवलं. हेडमास्तरांनी तर माझ्या टेबलावर थाप मारली. "काय लिहिलंय! शेवटी तो वस्तरा थांबतो ना, मी उभा राहून टाळ्या वाजवल्या." मला आधी गंमत वाटली, मग चीड आली. स्वतःला शेठच्या जागी ठेवून बघणारा एक माईचा लाल निघेना.

आणि पलीकडे, भिंतीमागे, घोरणं बंद झालं.

हेडमास्तर खुर्चीत बसायचे ते ताठ, डोळे टक्क उघडे, आरशात उस्तादांच्या हातावर नजर. मॅनेजरांनी दाढीच वाढवली. साडू म्हणाले, "आज फक्त केस." पुस्तकातल्या न्हाव्यासाठी ज्यांनी जास्त टाळ्या वाजवल्या, ते खऱ्या न्हाव्यापुढे मान द्यायला जास्त घाबरत होते. उस्तादांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपला हात गेला. ते डोळे तपासून आले. घरी फुग्याला साबण फासून त्यावर वस्तरा चालवून बघितला. शिकाऊ पोरं करतात तसं. वहिनींनी सांगितलं, फुगा फुटला नाही, पण हे रडायच्या बेतात होते. एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसून राहिले.

"ताई, आता दुकान बंद करावं म्हणतो," ते म्हणाले. "माणूस माझ्या खुर्चीत झोपत नसेल, तर मी करतोय काय?"

मला भरून आलं. मी कपाटातून पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "हात गेलेला नाही, उस्ताद. हे आलंय."

त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक नसताना ते दोन नंबरला कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायला लागले. मला तर पान न् पान माहीत. मी इकडे रजिस्टर पुढ्यात धरून कान टवकारून बसायची. न्हावी शेठच्या चहावर फुंकर घालतो तिथे उस्ताद खो खो हसले. बूट घालून तो बदकासारखा चालतो तिथेही हसले. दोन नंबर मात्र चूप. मला वाटलं, याला काही कळत नाहीये. मग ते पान आलं, जिथे न्हावी छत्री मागतो आणि शेठ प्रेमाने म्हणतात, "देणार, तुला नाही तर कुणाला? जरा पाऊस तर लागू दे." आणि पलीकडून असं हसू फुटलं, की मी दचकले. हे उस्तादांचं हसू नव्हतं. दोन नंबर हसत होता. थांबेचना. उस्ताद वाचायचे थांबले.

पुढचे काही दिवस हेच चाललं. उस्ताद हसत तिथे दोन नंबर गप्प, आणि शेठ गोड बोलायला लागले की दोन नंबरची हसून मुरकुंडी. उस्तादांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटचं प्रकरण त्यांनी मोठ्याने वाचलंच नाही. "ते तू घरी वाच," म्हणाले.

रविवारी सकाळी सलूनचा बाक भरलेला होता. हेडमास्तर होते, साडू होते, वाढलेली दाढी खाजवत मॅनेजर होते. उस्तादांनी टॉवेल झटकला आणि जाहीर केलं, "आज माझी दाढी दोन नंबर करणार. सगळ्यांसमोर. डोळे मिटून बसतो, बघा काय होतं ते!" मी पेपर द्यायचं निमित्त करून दारात जाऊन उभी राहिले. आजवर त्यांनी स्वतःची दाढी स्वतःच केलेली. ते मोठ्या खुर्चीत बसले खरे, पण डोळे काही मिटेनात. ज्याने गिऱ्हाइकांची भीती घालवायची, त्याच्याच कपाळावर घाम. कोण कुठे हसलं ते त्यांना माहीत होतं ना!

दोन नंबरने फेस लावला, वस्तरा उघडला. "डोळे मिटा, उस्ताद. साबण जाईल."

उस्तादांनी डोळे घट्ट मिटले. वस्तरा हनुवटीखाली आला. बाकावरचे सगळे पुढे झुकले. आणि उस्ताद एकदम म्हणाले, "उद्यापासून मोठी खुर्ची तुझी. एक आठवडा तू, एक आठवडा मी."

दोन नंबरचा हात थांबला. "वस्तरा गळ्यावर असताना कबूल केलेलं मी धरत नाही," तो शांतपणे म्हणाला. "आधी दाढी होऊ द्या."

उस्तादांचं पोट गदगदायला लागलं. ते इतके हसले, की दोन नंबरला वस्तरा वर उचलून धरावा लागला. मॅनेजर हसले, मी हसले, आणि मग दाढी निवांत पार पडली. दोन नंबरने तोंड पुसलं, तुरटी फिरवली, वस्तरा मिटून खणात ठेवला, खण लावला. रिकामे हात पुढे धरले.

"आता बोला."

उस्ताद आरशात बघत राहिले. आता गळ्याशी काही नव्हतं. 'बघू रे' म्हणाले असते तरी कुणी काही बोललं नसतं. माझ्या मनात मात्र आलं, हे आत्ता टाळलंत उस्ताद, तर मी तुमच्याशी बोलायची नाही. ते उठले. आपला कंगवा, कात्री, ब्रश उचलला आणि आतल्या कोपऱ्यात, लाकडी खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "पहिला आठवडा तुझा," म्हणाले. दोन नंबरने मोठ्या खुर्चीची उशी झटकली, पण त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून ती दोनदा झटकली.

"मास्तर, या," तो म्हणाला.

हेडमास्तर बसले. ताठच बसले. एक गाल झाला, मान जरा सैल पडली. दुसरा गाल सुरू झाला आणि माझ्या कपाटाची काच थरथरावी असं घोरणं सुरू झालं. मॅनेजर दाढी कुरवाळत नंबर लावून बसले.

कोपऱ्यात उस्ताद साडूंचे केस कापत होते. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग दुकानाच्या मध्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि ओरडलेच, "अरे, इथे वारा येतच नाही की रे!"

दोन नंबरने मास्तरांच्या गालावरून नजरही उचलली नाही.

"हळू बोला, उस्ताद," तो म्हणाला. "गिऱ्हाईक झोपलंय."