पुलाचं गाऱ्हाणं

समुद्रावर पूल व्हावा म्हणून आम्ही देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. कुणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं, पण घातलं होतं हे खरं. बहारीन आणि सौदी यांच्या मधे पुलाचं काम तेव्हा संपत आलं होतं आणि आमचं पोट त्या पुलावर लटकलेलं होतं.

आमचे हे बहारीनच्या राजधानीत, मनाम्यात, हूरा भागातल्या एका हॉटेलात एसीचे मेकॅनिक होते. ऐंशीनंतर काही वर्षं बरी गेली आणि मग तेलाचे भाव पडले. कंपन्यांचे साहेब यायचे बंद झाले, तशी हॉटेलाने एकेक मजला बंद करायला सुरुवात केली. माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. बंद खोलीतला एसी दुरुस्त करायला मेकॅनिक कशाला हवा, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की आम्ही कुडाळात.

कुडाळ वाईट नाही हो. माझं माहेर आहे ते, सासरही तिथून जवळच. पण लग्नानंतरची पहिली वर्षं मी तिथं आणि हे इथं अशी काढली होती. मुलगी झाली तेव्हा हे इथंच. पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा पोर पळून माझ्या मागे लपली आणि ‘आई, ते काका कोण?’ म्हणाली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. रात्री मला म्हणाले, “अगो, काय वाट्टेल ते करीन, पण तुम्हां दोघींना तिकडे नेईन.” आणि नेलं. त्या दिवसापासून माझं एकच होतं, राहायचं ते तिघांनी एका छपराखाली. बाकी मला सोनं नको, नाणं नको.

ते छप्पर म्हणजे हूरातल्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि शेजारी वेंगुर्ल्याचे सुतारकाका नि काकू. घरमालक म्हातारा बहारीनी, तळमजल्यावर दाराशी खुर्ची टाकून दिवसभर तस्बीहची जपमाळ ओढत बसायचा. तरुणपणी मुंबईला गलबतावरून ये-जा केलेली, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा फर्डं. मला ‘बेटी’ म्हणायचा. रमजानात त्याच्या घरून आम्हाला खजूर यायचा, आमच्याकडून दिवाळीत त्याला करंज्या. सकाळी पोर ईसा टाउनच्या शाळेच्या बसला धावायची तेव्हा तो बसवाल्याला हात करून थांबवायचा. भाडं दोन दिवस उशिरा दिलं तरी म्हणायचा, “माफी मुश्किल, बेटी,” म्हणजे काही हरकत नाही.

गणपती मात्र आम्ही हळू आवाजात करायचो. विटीएवढी मूर्ती गावाहून येताना कपड्यांत गुंडाळून आणलेली असायची. सुतारकाका प्लायवूडचं मखर करायचे आणि वर माटवी, म्हणजे फळं टांगायची लाकडी चौकट, बांधायचे. गावाला माटवीला जंगलातली फळं, कवंडळं, काय काय बांधतात. इथं काकडी, सफरचंद, संत्री. एकदा घरमालकाने विचारलं, हे वर टांगलेलं काय? मी सांगितलं, देवाला जे जे पिकतं ते दाखवायचं असतं. दुसऱ्या वर्षापासून तो आपल्या बागेतल्या ओल्या खजुराचा घोस न चुकता पाठवू लागला. माटवीतला सगळ्यात देखणा तोच दिसायचा.

आरती झाली की काका गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे देवाशी पोथीतलं बोलत नाहीत, आपल्या बोलीत रोखठोक मागतात. एक जण मागतो, बाकीचे हुंकार भरतात. पूल होण्याच्या अगोदरच्या गणपतीत काकांनी हात जोडले आणि सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां परमुलखात तुझ्यासमोर उभी हत. तो पूल मेलो रखडलो हा, तो पुरो होवंदे.”

“व्हय म्हाराजा!”

“पलीकडची माणसां गाडये भरभरून हय येवंदेत. हाटेलांचे सगळे खोलये भरान जावंदेत. ह्या झिलाच्या नोकरीक कोणाची नजर लागू नये, असां कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत जोरात मी म्हटलं. पोर माझ्याकडे बघून हसली आणि मागाहून म्हणाली, “मम्मी, यू शाउटेड.” हिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीतच. मराठी तिच्या तोंडातून निघायचं ते फक्त ‘व्हय म्हाराजा’, कारण त्यात तिला मजा वाटायची.

देवाने ऐकलं. इतकं ऐकलं की विचारू नका.

त्याच थंडीत पूल सुरू झाला. पहिल्याच गुरुवारी, म्हणजे तिकडची सुटी सुरू झाली तशी, आमच्या रस्त्यावर पलीकडच्या नंबरप्लेटच्या गाड्या अशा लागल्या की शाळेची बस कोपऱ्यावरच थांबली. बायका, पोरं, पांढऱ्या पायघोळ थोबातले बापये, सगळे नुसते फिरायला आलेले. हॉटेलाने मजले उघडले. ह्यांना ओव्हरटाइम मिळायला लागला. हॉटेलांच्या पलंगांची ऑर्डर सुतारकाकांच्या वर्कशॉपला आली आणि काका म्हणाले, “गो बाय, बघलंय? गाऱ्हाणां पोचलां!” मी शिरा केला आणि घरमालकालाही वाटी नेऊन दिली. तोही खूश होता. त्याच्या मुलाने खाली दुकान काढलं होतं.

मला पहिला चटका बसला तो मासळीबाजारात. आता कोकणातल्या बाईला मासळीवाचून ठेवलं म्हणजे काय होतं ते मी काय सांगू? बुधवारी गेले, तर सुरमई नाही. म्हटलं, एवढ्या लवकर संपली? तर मासळीवाला म्हणतो, संपली नाही, हॉटेलांनी पहाटेच उचलली, आता बुधवार-गुरुवार ती नसणारच. मग जी होती तिचा भाव ऐकून मी तिथंच डोक्याला हात लावला. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे आमच्या किराणा दुकानदार मलबाऱ्याने तूरडाळीचं पोतं आत ढकललं आणि पुढं वेफर्स आणि थंड बाटल्यांची रास लावली. “चेची, डाळ कौन लेता है अभी?” असं ताई म्हणून वर मलाच विचारतो! मी घेते रे मेल्या, मी घेते! पण माझ्या अर्ध्या किलो डाळीवर त्याचं दुकान थोडंच चालणार होतं?

तरी मी म्हणायचे, जळ्ळी मेली मासळी, घर तर आहे ना.

वर्षभरात इमारतीतली माणसं हलायला लागली. पहिल्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब गेलं आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये लाल गालिचा आणि सोफे चढले. ‘फर्निश्ड फ्लॅट’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुलावरून आलेली कुटुंबं एका रात्रीसाठी, दोन रात्रींसाठी तो घ्यायची आणि आम्ही महिन्याला देत होतो तेवढं त्यांच्याकडून दोन-तीन गुरुवारांत निघायचं. त्या फ्लॅटमधला एसी बसवला आमच्याच ह्यांनी, सुटीच्या दिवशी. घरमालकाच्या मोठ्या मुलाने सांगितलं तर नाही कसं म्हणणार? मग दुसऱ्या मजल्यावरचे गोव्याचे गेले. तिथलाही एसी ह्यांनीच बसवला आणि पलंग केले सुतारकाकांनी. मग एक दिवस काकांचीच पाळी आली. काकूंना त्यांनी वेंगुर्ल्याला पाठवलं आणि स्वतः दूर मआमीरला वर्कशॉपच्या मागे चौघांबरोबर खोलीत राहायला गेले. त्यांच्या रिकाम्या फ्लॅटचे पलंगही त्यांच्याच वर्कशॉपमध्ये झाले. ते जिना चढवताना काका मला म्हणाले, “गो, माझ्याच घरात माझेच पलंग, आणि मी निजतंय मआमीरात.” आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

आम्ही राहिलो होतो. मला वाटायचं, म्हातारा आपल्याला काढणार नाही. मी त्याची बेटी ना! एके सकाळी त्याचा मोठा मुलगा टेप घेऊन वर आला आणि खिडक्या मोजायला लागला. हे म्हणाले होते की आमचा जुना एसी खडखडतो म्हणून मालकाला सांगितलंय. मी म्हटलं, बघा, आला नवीन एसी. खोली लांब होती, टेप एकट्याला धरता येईना. मी पदर खोचून टेपचं दुसरं टोक भिंतीला धरून उभी राहिले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीचंही धरलं. वर त्याला चहा केला. तो ‘शुक्रन, शुक्रन’ असे आभार मानत चहा प्यायला, पण माझ्याकडे बघेना. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, पण मी आपली पडदे कुठल्या रंगाचे घ्यावे हा विचार करत होते.

दुपारी म्हातारा स्वतः तीन जिने चढून आला. दारात टेकून धापा टाकत उभा राहिला. मी पाणी दिलं. म्हणाला, “बेटी, मैं क्या करूँ? लड़के लोग के हाथ में है सब. मेरा कोई सुनता नहीं. खलास.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? एरवी मी भांडले असते. त्या म्हाताऱ्याशी भांडू काय? मी विचारलं, घर सोडायला थोडे दिवस तरी? शाळेचं वर्ष संपेपर्यंत? तर म्हणाला, “इंशाल्ला.” इतकी वर्षं त्या मुलखात काढल्यावर मला कळत होतं की म्हातारा तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

मग आम्ही घर शोधायला लागलो. हूरात तर नावच नको. ईसा टाउनला बघितलं, मुहर्रकला बघितलं. जो तो मालक एकच विचारायचा, महिन्याला काय देणार? आणि आम्ही सांगितलं की ‘यल्ला’, चला आता, म्हणून दार लावून घ्यायचा. ह्यांचा पगार वाढला होता, हे खोटं नाही, पण घरं त्याच्या पुढं कुठल्या कुठं पळाली होती. हॉटेलवाले म्हणाले, तुला स्टाफच्या खोलीत पलंग देतो, फुकट. पलंग एकच. बायको-पोरीला तिथं जागा नव्हती. आणि घर नाही तर आमच्या दोघींचा व्हिसा पुढं कसा सरकणार?

हे म्हणाले, “सोडतो नोकरी. सगळेच जाऊ.” मी म्हटलं, आणि कुडाळात काय दुरुस्त करणार तुम्ही, पंखे? तिथं एसी आहे कुणाकडे? मी असं बोलायला नको होतं वगैरे नाही, ते खरंच होतं. पूल नसता तर नोकरी गेली असती, पूल झाला तर घर गेलं. शिरा पडो त्या पुलावर! कुणाच्या नावाने बोटं मोडायची तेही कळेना. पलीकडून येणाऱ्या माणसांनी आमचं काय वाकडं केलं होतं? बिचारे पोरांना समुद्र दाखवायला यायचे.

तिकिटं निघाली ती माझी आणि पोरीची. शाळेचा दाखला काढला. पोर म्हणाली, “व्हॉट अबाउट पप्पा?” मी सांगितलं, पप्पा रजेला येतील. ती दप्तरातली पुस्तकं काढून परत भरत बसली.

जाण्याच्या अगोदर गणपती आले. घरात गाद्या गुंडाळलेल्या, भांडी खोक्यांत. तरी म्हटलं, देवाला उपाशी ठेवायचं नाही. सुतारकाका मआमीरहून बसने आले, मखराचे तुकडे काखेत मारून. माटवी बांधली. सकाळी दाराशी खजुराचा घोस ठेवलेला मिळाला, देणारा मात्र वर आला नाही. मला तो फेकून द्यावासा वाटला. पण काकांनी माझ्या हातातून घेतला आणि मधोमध बांधला.

आरती झाली. काकांनी हात जोडले. आम्ही तिघं त्यांच्या मागे उभे राहिलो.

“बा देवा म्हाराजा,” काका म्हणाले, “ही तुझी लेकरां परमुलखात तुझ्यासमोर उभी हत.”

“व्हय म्हाराजा.”

आणि काका थांबले. मग मान वळवून माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “गो बाय, काय मागू तां सांग.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली फरशीकडे बघत होते. हॉटेलं भरू देत म्हणावं, तर आम्ही बाहेर. रिकामी होऊ देत म्हणावं, तर हे बाहेर. त्या एवढ्याशा मूर्तीपुढं उभं राहून मला एक मागणं सुचेना, ज्यात आम्ही तिघं एका छपराखाली राहू.

पोरीने काकांचा सदरा ओढला. म्हणाली, “टेल हिम, पप्पा शुड कम विथ अस.”

काकांना इंग्रजी येत नव्हतं. “काय म्हणता गो चेडू?” त्यांनी मला विचारलं.

“काही नाही काका,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “तुम्ही म्हणा पुढं.”

काकांनी डोळे मिटले. “सगळ्यांका सुखात ठेव रे म्हाराजा.”

पोरीला वाटलं, ‘सगळ्यांका’ म्हणजे काकांनी आपलंच मागणं सांगितलं. तिने हात घट्ट जोडले आणि आमच्या कुणाच्याही आधी, खालच्या मजल्यावरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “व्हय म्हाराजा!”