चुकीच्या खाटेपाशी

आमच्या मंडळीत माझ्या प्रार्थनेची ख्याती आहे. ती चांगली ख्याती आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता. घरगुती उपासनेत शेवटची प्रार्थना माझ्याकडे आली की यजमानीणबाई हळूच उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटायचं, भारावून गेल्या. त्या पोह्यांखालचा गॅस बंद करायला जात होत्या, हे मला बायकोने लग्नाच्या तिसाव्या वर्षी सांगितलं.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि माझ्याकडे वेळच वेळ उरला. आमचं चर्च सदरला, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला हुडकेश्वरला, आणि मंडळीतलं कोणीही आजारी पडलं की भरती धंतोलीतल्या दवाखान्यात. तेव्हा आजाऱ्यांना भेटण्यासाठी एक समिती असावी, असं मी सुचवलं. सगळ्यांनी इतक्या झटपट हात वर केले की मला गहिवरून आलं. अध्यक्ष मी झालो, चिटणीसही मीच, आणि तिसऱ्या महिन्यापासून सभासदही मी एकटाच उरलो.

आमच्या क्वायरमध्ये खर्जात गाणारे एक गृहस्थ आहेत. रेल्वेत फिटर होते. आवाज असा की बाकावर हात ठेवला तर लाकूड थरथरतं. या खर्जवाल्या भाऊंचं आणि माझं दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीत माझं नाव पुढे आलं, तेव्हा हे भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "यांच्याऐवजी दुसरं कोणी पाहा." लोकांनी पाहिलं. मी पडलो. त्यानंतर आम्ही दारात एकमेकांना 'सलाम' म्हणायचो, पण बोटांची टोकं टेकवून. मी मात्र त्यांना क्षमा केली होती. तसं मी मंडळीत इतक्या जणांना सांगितलं होतं, की ते त्यांच्याही कानावर नक्कीच गेलं असणार.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. समितीचा एकमेव सभासद म्हणून जाणं मला भागच होतं. बायकोने पिशवीत संत्री घालून दिली आणि म्हणाली, "अहो, प्रार्थना थोडक्यात करा. आजारी माणसाला लघवीलाही जायचं असतं." अशा सूचनांकडे मी लक्ष देत नसे.

काउंटरवरच्या सिस्टरने सांगितलं, "शेवटची खोली." खोलीत दोन खाटा होत्या, मध्ये हिरवा पडदा ओढलेला. माझा चष्मा स्कूटरच्या डिक्कीत राहिला होता. अलीकडच्या खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन झोपलं होतं. पायथ्याशी स्टुलावर एक म्हातारी बाई बसली होती. भाऊंची गावाकडची नातेवाईक असणार, असं मी ठरवून टाकलं. "सलाम" म्हटलं. तिने हात जोडले. मी चादरीवरूनच त्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करायची माझी पद्धत. तिथून मी संदेष्ट्यांपर्यंत आलो, मग त्या आजाऱ्यावर. "प्रभू, तुझ्या या दासाला तू सुंदर आवाज दिलास," मी म्हणालो. "पण त्याच आवाजाने दोन वर्षांपूर्वी भर सभेत त्याने जे शब्द काढले, त्यांची आठवण धरू नकोस. त्याच्या मनातला मत्सर काढून टाक. मी त्याला क्षमा केली आहे, हे तू जाणतोस." हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणालो. चुकून ऐकायचं राहिलं असेल तर, म्हणून.

हाताखाली चादर हलली. एक बारीक, किनरा आवाज आला, "कोन हाय वं?"

"चर्चवाले साहेब हायेत," म्हातारी म्हणाली. "तुमच्यासाठी देवाले मागून राहिले."

"मी कवा गायलो वं?"

मी डोळे उघडले. चादरीतून एक वाळका, पांढऱ्या मिशांचा, मी जन्मात न पाहिलेला चेहरा माझ्याकडे बघत होता. सुचेना म्हणून मी घाईने 'आमेन' म्हणालो. आणि पडद्याच्या पलीकडून, खालच्या रस्त्यावरून ट्रक जावा तसं आलं, "आमेन."

तो आवाज ओळखायला मला चष्मा लागला नाही.

पळून जाता आलं असतं. पण म्हातारी उठली आणि म्हणाली, "साहेब, तुमचं झालं असन तं याईले जरा धरा. मले चादर बदलवाची हाय." पंधरा मिनिटं मी ज्याच्यासाठी देवाला साकडं घातलं होतं, त्या माणसाला हात घालून उठवायची वेळ आली तेव्हा मला कुठे धरावं हेच कळेना. मी दंड धरला. "तिकडून नाई, काखेतून धरा," ती म्हणाली. त्याचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं. अंगाला औषधाचा आणि घामाचा वास होता. तो म्हणाला, "तुमाले त्रास होऊन राहिला, साहेब." मी 'छे छे' म्हणालो, पण होत होता.

मग पडदा सरकला. खर्जवाले भाऊ उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "इकडं बी या," ते म्हणाले. "माही पापं तुमी तिकडंच सांगून टाकली, आता संत्री तरी इकडं द्या."

मी पिशवी ठेवली, अर्ध्या मिनिटाची प्रार्थना केली आणि निघालो.

घरी बायकोला मी सांगितलं की भेट चांगली झाली, शेजारच्या एका अनोळखी रुग्णालाही प्रार्थनेचा लाभ झाला. तिने दोन प्रश्न विचारले आणि सगळं बाहेर आलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत तिने विचारलं,

"त्या बाई जेवतात काय?"

मला माहीत नव्हतं. त्या कोण, कुठल्या, नवऱ्याला काय झालंय, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं.

"उद्या दोन डबे देते," ती म्हणाली.

"भाऊंना डिस्चार्ज मिळाल्यावर गेलो तर?" मी विचारलं. तिने डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी डबे घेऊन गेलो, तर पडदा बाजूला सारलेला आणि दोन्ही खाटांच्या गप्पा रंगलेल्या. तेव्हा कळलं ते असं. हे नवरा-बायको उमरेडचे, पिढीजात विणकर. माग बंद करून पंधरा वर्षं झाली होती. आता तो एका शाळेवर चौकीदार होता. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि जखमेने पाणी धरलं होतं. लेक बाळंतीण, म्हणून कोणी येऊ शकत नव्हतं. म्हातारी दोन दिवस बिस्किटांवर होती. काल मी प्रार्थना करत होतो तेव्हाही.

तिने डबा उघडला, आधी नवऱ्याला भरवलं आणि मग पाठ फिरवून जेवली. मी भाऊंच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. हुडकेश्वरपासून धंतोलीपर्यंत स्कूटरवर मी माफीचं भाषण पाठ करत आलो होतो. सुरू केलं, "प्रिय बंधू, मानवी स्वभाव दुर्बल आहे आणि आपण सर्वच जण..."

"भाऊ," ते म्हणाले, "मले सांगा. देवाले मंग सांगजा."

मी थांबलो. मग त्यांनीच विचारलं, "मी तुमच्या विरोधात काहून उभा राहिलो, हे तुमी कधी विचारलं का?"

"नाही."

"माही माय गेली तेव्हा. मे महिना, दुपारचे बारा. मातीत ठेवून राहिलो होतो आमी तिले. तुमी प्रार्थना सुरू केली ते आदाम-हव्वेपासून. माही बहीण चक्कर येऊन पडली, तरी तुमचे डोळे मिटलेले. बरं, तेही सोडा. तुमी मायचं नाव चुकीचं घेतलं. दोनदा. ते माह्या मावशीचं नाव होतं, अन् मावशी तिथंच उभी होती, जित्ती."

पलीकडच्या खाटेवरून कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. ती दुपार मला आठवत होती. पण माझ्या आठवणीत ती प्रार्थना फार उत्तम झाली होती. घरी येऊन मी बायकोला म्हणालोही होतो की आज शब्द आपोआप येत होते.

"मले माफ करा," मी म्हणालो. कचेरीत लागल्यापासून मी कटाक्षाने 'मला' म्हणत आलो आहे. त्या दिवशी 'मले' निघालं.

"आज नाई होत, भाऊ," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू? पन उद्या या तुमी."

क्षमा या विषयावर मी आयुष्यभर बोलत आलो. मागितल्यावर ती लगेच मिळत नाही, हे मात्र मी साठी उलटल्यावर शिकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी दफनभूमीत गेलो. त्यांच्या आईची कबर सापडायला अर्धा तास लागला. दगडावरचं नाव चष्मा लावून वाचलं, मोठ्याने म्हटलं, आणि चुकू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून घेतलं.

डबे घेऊन मी रोज जात राहिलो, तोवर भाऊंना डिस्चार्ज मिळाला. विणकराला मिळाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, दिवसाआड ड्रेसिंगला यावं लागेल. उमरेडहून एसटीने हेलपाटे घालायचे तर टाके वाटेतच उसवायचे. बायकोने मला न विचारता सांगून टाकलं, "आमच्याकडे एक खोली आहे." ती माझी खोली होती. मी तिथे प्रार्थना लिहून काढत असे. माझं टेबल व्हरांड्यात गेलं.

आल्याबरोबर म्हातारीने दारातच विचारलं, "ताई, आमी तुमच्यात येऊन राहिलो, पन तुमी आमाले बाप्तिस्मा तं नाई ना देनार?"

"नाही हो," बायको म्हणाली. "आधी आंघोळीचं पाणी तापवते."

मी माझ्या मनात, खरं सांगायचं तर, तिसऱ्या दिवशी कोणता शास्त्रभाग वाचून दाखवावा हे ठरवून ठेवलं होतं. ते मनातच राहिलं. दिवसाआड त्याला ऑटोने धंतोलीला नेणं आणि आणणं, हे काम माझ्याकडे आलं. काखेतून धरायचं मला आता जमत होतं. वाटेत तो बोलायचा, मी ऐकायचो. बोलायची फट तो ठेवतच नसे. एकदा बायकोच्या आईची जुनी नागपुरी साडी त्याच्या हाती लागली. काठावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "हे रातचं काम नाई, हे सकाळचं काम हाय. नजर ताजी असल्याबिगर असा काठ बसत नाई." मग त्याने साडी घडी घालून परत दिली आणि तोंड धुवायला गेला.

पुढच्या रविवारी दुपारी खर्जवाले भाऊ त्याला भेटायला घरी आले. सोबत तर्री-पोह्यांचं मोठं पुडकं. सगळे बसलो. माझ्या ताटलीत पोहे वाढता वाढता ते थांबले, कारण मी मधेच त्यांच्या आईचं नाव म्हणालो. दुसरं काही नाही, फक्त नाव. चिठ्ठी खिशात होती, पण काढावी लागली नाही.

"होय," ते म्हणाले. "तेच." आणि तर्री वाढली, मला चालते त्याहून जास्त तिखट. मी खाल्ली.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेत प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. 'हे बापा, त्यांची क्षमा कर' हा पहिला उद्गार दरवर्षी माझ्याकडे असे. चौदा पानं तयार होती. मी पाळकसाहेबांना फोन करून म्हणालो की यंदा दुसऱ्या कोणाला द्या. ते थोडा आग्रह करतील, अशी माझी अपेक्षा होती. "हो का? बरं बरं, देतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी मला त्यांचा सुटकेचा श्वास ऐकू आला. दोन दिवस मला ते लागून राहिलं. शुक्रवारी बारा ते तीन मी चर्चमधल्या कूलरांमध्ये बादलीने पाणी भरत होतो. पहिला उद्गार एका तरुण शिक्षिकेने घेतला. आठ मिनिटांत संपवला. चांगला घेतला, असं म्हणायला मला संध्याकाळ झाली.

विणकर बरा होऊन गावी गेला. जाताना म्हातारी बायकोच्या गळ्यात पडली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुमी मानूस चांगले हा, पन मोठ्यानं बोलता."

मे महिन्यात त्यांचं बोलावणं आलं. बायको, मी आणि खर्जवाले भाऊ सकाळच्या एसटीने उमरेडला गेलो. गाडीत भाऊ आणि मी एका सीटवर बसलो. खिडकी त्यांनी मला दिली. घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत जमिनीत एक खड्डा होता. त्याच्यावर फळी टाकून तांदळाची कोठी ठेवलेली. "इथं माग होता," म्हातारा म्हणाला. भाऊंनी आणि मी मिळून कोठी बाजूला केली, फळी काढली. तो काठावर बसला आणि त्याने पाय आत सोडले. आत पायाने दाबायच्या मागाच्या पावड्या आता नव्हत्या, काहीच नव्हतं. तरी त्याचे पाय आलटूनपालटून खाली दाबत राहिले आणि हात हवेत इकडून तिकडे जात राहिले. लेकीची थोरली मुलगी दारातून पळत आली, त्याच्या मांडीवर बसली आणि तिनेही पाय आत सोडले. आतून म्हातारीने हाक मारली की भाकरी गरम आहे, आधी जेवून घ्या.