अर्ध्या एल्फचा मंत्र
नव्या पेन्सिलीचा वास आला की पुसदच्या हॉस्टेलमधली एक दुपार आठवते. मैत्रिणीनं जादूच्या दुनियेतला, फासे टाकून खेळायचा खेळ आणला होता. त्यात आपलं पात्र आपणच घडवायचं. मी नव्या पेन्सिलीनं लिहिलं: जादूगारीण, अर्धी माणूस, अर्धी एल्फ, म्हणजे जंगलात राहणारी टोकदार कानांची परी. “मंत्र कोणत्या भाषेत म्हणते?” तिनं विचारलं. माझी आई बंजारा तांड्यावरची, वडील गावातले; मुली चिडवतील म्हणून आईची गोरबोली मी कुणासमोर बोलत नसे. तरी कशीबशी म्हणाले, “आईच्या.” “मग म्हण ना! कायले लाजून राह्यली?” पण माझा मंत्र वीज पाडायचा होता, आणि विजेला आईच्या भाषेत काय म्हणतात तेच मला आठवेना, म्हणून आईलाच फोन लावला. तिनं हसत तीनदा शब्द सांगितला, आणि खोलीतल्या चौघींनी तो मोठ्यानं म्हटला. आज माझी लेक आजीशी गोरबोलीत भांडते, तेव्हा त्या मैत्रिणीचे मी मनातल्या मनात आभार मानते.