अळ्या शोधणारी सुकेर्ती

सानूर या समुद्रकाठच्या गावातल्या एका गल्लीत सुकेर्ती बॅटरी घेऊन शिरली, की बायका न्हाणीच्या हौदावरचं झाकण घाईघाईनं नीट करत. आरोग्य-स्वयंसेविका म्हणून दर शुक्रवारी घरोघरी पाण्यात डोकावून ती डासांच्या अळ्या शोधायची. अकरा वर्षं झाली होती. नवरा म्हणायचा, "देवळातल्या तीर्थातही वाकून बघशील तू."

"बघितलंय. स्वच्छ होतं."

फक्त रुदिताच्या पाहुणेघराचं दार तिला बंद. "मबोक, ताई, माझ्याकडे परदेशी माणसं उतरतात," तो म्हणायचा. "अळ्याबिळ्या ऐकलं तर बॅगा उचलून पळतील."

एका शुक्रवारी तोच धापा टाकत आला. हेल्वी नावाची फिनलंडची साठीची पाहुणी चार दिवस तापानं फणफणली होती. आज ताप उतरला, तशी ती विमान गाठायला निघाली; पण तिचा चेहरा काही त्याला बरा दिसेना.

त्याच्या मागोमाग वरच्या खोलीत जाऊन सुकेर्तीनं हेल्वीचा हात उजेडात धरला. कातडीवर बारीक लाल ठिपके. पोटावर हात ठेवताच बाई कळवळली.

"ताप गेला ना? मग?" रुदिता म्हणाला.

"ब्ली, दादा, डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरा घोर. आधी दवाखाना."

रुदितानं ते इंग्रजीत सांगितलं. हेल्वी मान हलवत बॅगेकडे वळली. तेव्हा सुकेर्ती सरळ त्या बॅगेवर फतकल मारून बसली. बॅग कचकचली. हेल्वीला हसू फुटलं, आणि ती दवाखान्यात जायला खाली गाडीकडे निघाली.

रक्तातल्या प्लेटलेट फार उतरल्या होत्या. पाच दिवस सलाइन चाललं. सुकेर्ती रोज पेरूचा रस घेऊन जायची. भाषा एकीची दुसरीला कळत नसे, तरी दोघींनी एकमेकींच्या नातवंडांचे फोटो पाहून पाहून पाठ केले.

पाहुणेघरी परतल्यावर हेल्वीनं विचारलं, "मला डास चावला कुठे?"

"समुद्रावर," रुदिता पटकन म्हणाला. सुकेर्तीनं पिशवीतून बॅटरी काढली. त्यानं बाजूला होऊन तिला घर तपासायला वाट दिली.

कमळाच्या कुंड्यांत अळ्या खाणारे मासे होते, न्हाण्या कोरड्या. रुदिताची छाती फुगली. मग सुकेर्तीनं नाश्त्याच्या खोलीतल्या थंड पाण्याच्या यंत्राखालची, ठिबकणारं पाणी साचायची तबकडी ओढली. आत अळ्या वळवळत होत्या.

"माझ्याच घरात," रुदिता पुटपुटला, आणि हेल्वीला सांगताना त्याचा आवाज आणखी बारीक झाला. ती मात्र चष्मा चढवून तबकडीवर वाकली. पळून जायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला सगळ्या अळ्या मोजायच्या होत्या.

डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं होतंच. पुढच्या शुक्रवारी गल्लीत दोन बॅटऱ्या फिरल्या. तिसऱ्या घरी पिंजऱ्यातल्या कबुतराची पाण्याची वाटी हेल्वीनं आधी उचलली. सुकेर्ती म्हणाली, "अगं, ती बघायची राहिलीच होती माझी."