वटवाघळाचा हात

औरंगाबादेतल्या मुलींच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. सहामाहीत माझ्या तुकडीचे पेपर तपासायला दुसऱ्या सरांकडं गेले होते. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि ठाम.

प्रश्न असा होता: वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख हे समजात अवयव की समवृत्ती? समजात म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेले, मग काम वेगळं असो. समवृत्ती म्हणजे काम एक, पण घडण वेगवेगळ्या वाटेनं झालेली. गंगापूरहून आलेल्या, इथं मावशीकडं राहणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, "दोन्ही." खाली चार ओळींचं कारण. सरांनी त्यावर लाल शून्य काढलं होतं.

ती पेपर घेऊन माझ्याकडं आली. "बाई, तुम्हीच असं शिकवलं व्हतं."

शिकवलं होतंच. हात म्हणून पाहिलं तर दोघांचा पूर्वज एक. पण त्या पूर्वजाला उडता येत नव्हतं. वटवाघळानं लांब बोटांवर कातडं ताणलं, पक्ष्यानं हातावर पिसं उगवली. पंख दोघांनी आपापले केले.

मी सरांकडं गेले. ते म्हणाले, "उत्तर समवृत्ती. गाइडात तेच आहे."

"सर, पण हाडं बघा ना."

"हाडांचा प्रश्न नाहीच. पंखांचा प्रश्न आहे."

तीन दिवस मी हेच ऐकलं. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बरणीत एक वटवाघूळ होतं. ते बाहेर काढू म्हटलं तर सर म्हणाले, "बरणी फुटली तर जबाबदार कोण?" माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

आमच्या शिपाई चाचांच्या भावाचं शहागंजात मटणाचं दुकान होतं. माझी चिडचिड ऐकून ते म्हणाले, "बाई, कोंबडीचा पर, म्हंजे पंख, उकळला की हड्ड्या मोकळ्या. बकऱ्याचा पुढचा पायबी आणतो. एकच तर सांगाडा है दोनों का. आम्ही रोज बघतो."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सरांसमोर प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून हाडं मांडली. वर एक हाड. कोपराखाली कोंबडीची दोन सुटी. बकऱ्याचीही दोनच, पण एकमेकांना चिकटलेली. मग मनगट. बरणी मी न उघडताच शेजारी ठेवली; पातळ कातड्यातून वटवाघळाची चार लांब बोटं आणि आखूड अंगठा दिसत होता. सर वाकून बराच वेळ पाहत राहिले. मुलगी दारात उभी होती.

"हाडं बरोबर आहेत," ते शेवटी म्हणाले. मला हायसं वाटलं. पण पुढं म्हणाले, "बोर्डाचा तपासनीस हे टेबल बघायला येणारे का? त्याच्यापुढं उत्तरपत्रिका असते." शून्य खोडून त्यांनी अर्धा मार्क दिला. कशाचा अर्धा, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं, "बाई, बोर्डात काय लिहू?"

मी इतकी वैतागले होते, की फटकन म्हणाले, "समवृत्ती लिही आणि मोकळी हो."

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि ती वर्गात गेली. त्या पाहण्याचा मला सरांपेक्षा जास्त राग आला, आणि थोड्या वेळानं स्वतःचा.

मार्चमध्ये खरोखर तसाच प्रश्न आला. पेपर सुटल्यावर फाटकाशी ती भेटली. मी विचारण्याआधीच म्हणाली, "दोन्ही लिहिलं. कारण लिहायला जागा कमी पडली, म्हणून पुरवणी घेतली."

"सांगितलं होतं ना तुला?"

"व्हय बाई. पण खोटं कसं लिहू?"

मी तिला रागवायला तोंड उघडलं आणि विचारलं, "पुरवणी नीट बांधलीस ना?" घरी जायला स्टँडवर गंगापूरची गाडी लागली असेल म्हणून ती मान डोलावत पळतच गेली.