मी त्या हाउसमध्ये होते

अर्लीन टॉल्बर्ट कधी खोटं बोलत नाही, असं सॉलिस गावातल्या कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. आणि तसं पाहिलं तर ते खरंच होतं. तेवीस वर्षं ती जे एक वाक्य बोलत आली, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. "मी त्या हाउसमध्ये होते." बस, एवढंच. ऐकणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं. लोक नेमकं नको ते घेत, आणि अर्लीन त्यांना घेऊ देई.

हाउस म्हणजे विद्यापीठातल्या मुलींच्या एका भगिनीमंडळाचं, विद्यापीठाच्या रस्त्यावरचं पांढऱ्या खांबांचं घर, दारावर तीन ग्रीक अक्षरं. अलाबामातल्या गावंढ्या गावातून आलेली मुलगी वर्गात पहिली आली काय न् शेवटची आली काय, तिला त्या घराने आपली म्हटलं की तिचं नशीब उघडलं. मग लग्नात त्या बहिणी, बाळंतपणात त्या बहिणी, म्हातारपणी शवपेटीमागे चालायलाही त्याच. १९६१च्या सप्टेंबरात अर्लीनला त्या घराचं आमंत्रण आलं, तेव्हा ती पत्र हातात घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडली. तिला सख्खी बहीण नव्हती. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती, आणि घरी वडिलांबरोबर जेवताना काट्या-चमच्यांचा आवाज तेवढा व्हायचा.

आमंत्रण आलं म्हणजे काम झालं, असं मात्र नव्हतं. नव्या मुलीला आधी 'प्लेज' म्हणून सहा महिने काढावे लागत. फाटकाशी आलेले निरोप घ्यायचे, फोन उचलायचा, थोरल्या बहिणींची नावं-गावं तोंडपाठ करायची. फेब्रुवारीत एका शनिवारी दीक्षा. वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत पांढऱ्या कपड्यात जायचं आणि बहीण होऊन बाहेर यायचं. आत काय होतं ते बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दारापर्यंत जायला परीक्षेत सरासरी 'सी' श्रेणी हवी होती. अर्लीनचं घोडं जीवशास्त्रात अडलं. बेडकाने तिचा घात केला. बाकी विषयांत तिने मान मोडून अभ्यास केला होता, पण चिरफाडीच्या टेबलापाशी तिला भोवळ यायची.

अकरा जणी वर गेल्या. बारावी खाली बसली.

सोमवारी तिने प्लेजची छोटी पिन, छातीवर लावायचा बिल्ला, पाकिटात घालून परत केली. कुणी वाईट बोललं नाही. "पुढच्या सत्रात परत बघू हं," असं त्यांच्यातली मेरी नेल नावाची मुलगी म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. पण पुढचं सत्र आलंच नाही. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि अर्लीन गावी परतली ती कायमची. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. दोन वर्षांनी दुकानाच्या मालकाच्या भाच्याशी, ड्वाइट टॉल्बर्टशी लग्न झालं.

त्या वाक्याची सुरुवात झाली ती चर्चच्या एका जेवणात. बटाट्याच्या सॅलडचं भांडं हातात घेऊन पाद्रीबाई म्हणाल्या, "अर्लीन, तू त्या हाउसमधली ना गं?"

"हो, होते मी त्या हाउसमध्ये," अर्लीन म्हणाली. तेव्हाच 'प्लेज होते, पुढे जमलं नाही' असं म्हणाली असती तर पाद्रीबाईंनी "अरेरे" केलं असतं आणि सॅलड वाढलं असतं. पण ती नाही म्हणाली. पुढे ते म्हणायला एकेक वर्ष जास्तच उशीर होत गेला.

आता यात कुणाचं काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. अर्लीनलाही तसंच वाटायचं, विल्मा जीन दारात येऊन उभी राहीपर्यंत. विल्मा जीन म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण, अर्लीनच्या लग्नात तिच्या मागे फुलं धरून उभी राहिलेली. तिची धाकटी बहीण विद्यापीठात निघाली होती, आणि त्या घरात शिरायचं तर तिथल्या जुन्या बहिणीचं शिफारसपत्र लागतं.

"दोन ओळी खरड गं," विल्मा जीन म्हणाली. "पोरगी गुणी आहे म्हणावं. तेवढं खोटं चालतं."

त्या पत्राखाली दीक्षेचं वर्ष आणि क्रमांक लिहावा लागतो. तिच्याकडे क्रमांकच नव्हता.

"मी ओळखीच्यांसाठी पत्रं लिहीत नाही, विल्मा जीन. ते बरं दिसत नाही."

"ओळखीच्यांसाठी नाही, तर काय अनोळख्यांसाठी लिहितेस?"

"माझं तत्त्व आहे तसं."

"तत्त्व," विल्मा जीन म्हणाली. तिने पर्स काखेत मारली. "बरं बाई. तुझं तत्त्व घेऊन बस तू."

आणि अर्लीन खरंच बसली. विल्मा जीन पुन्हा त्या पायऱ्या चढली नाही. तिच्यामागोमाग आणखी दोघी-तिघींनी विचारून पाहिलं आणि तेच तत्त्व ऐकून परत गेल्या. टॉल्बर्टीणबाईंना फार चढलीय, असं गावात झालं. इकडे जवळच्या मोठ्या गावात त्या हाउसच्या खऱ्या बहिणी दर वसंतात चहाला जमत. तिकडे तर अर्लीनला पाऊल टाकायची सोय नव्हती. बाहेरच्यांनी तिला आतली म्हणून सोडलं, आणि आतल्यांना ती मुळात माहीतच नव्हती. ड्वाइट हृदयविकाराने गेला तेव्हा घरात भाजलेल्या हॅमचे पाच डबे आले, रीतसर, पण रात्र काढायला कुणी थांबलं नाही. लेक मेलिंडा तेव्हा नऊ वर्षांची होती. मायलेकी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवल्या.

मेलिंडा मात्र आईवर गेली नाही. ती बडबडी, हसरी, कुणाच्याही गळ्यात पडणारी. बेडूक तिने हसत हसत चिरला. १९८४ साली ती विद्यापीठात गेली, ती त्याच घराचं स्वप्न डोक्यात घेऊन. लहानपणापासून दुसरं ऐकलंच काय होतं तिने? फॉर्मवर रकाना होता, 'आई, आजी, बहीण यांपैकी कुणी सदस्य?' तिथे तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'आई, १९६२.' आणि फोन करून आईला अभिमानाने सांगितलंही. अर्लीनने फोनची तार बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"छान," ती म्हणाली.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. आपल्या एका वाक्याने पोरगी तोंडघशी पडणार, हे ती धरूनच चालली होती. शनिवारी फोन वाजला आणि पलीकडून नुसती किंकाळी ऐकू आली. घेतलं होतं. अर्लीनचा जीव भांड्यात पडला, पण तो दिलासा पुरते सहा महिनेही टिकला नाही. जानेवारीत जाड कागदावरचं निमंत्रण आलं. ज्या मुलींच्या आया पूर्वीच्या बहिणी, त्या आयांनी दीक्षेला यावं आणि आपल्या हाताने लेकीला पिन लावावी.

अर्लीन आजारी पडू शकली असती. गाडी बंद पडू शकली असती. तिने तशी चार कारणं योजूनही ठेवली होती. मग ती कारणं तशीच पडून राहिली, कारण खरं सांगायचं तर तिला जायचं होतं. तेवीस वर्षं तिला ती खोली बघायची होती. लेकीच्या छातीवर पिन लावायची होती. निमंत्रण पाठवणारीने फॉर्मवरूनच नावं उतरवलेली दिसत होती, म्हणजे कुणी तपासलंच नसेल. एकदा आत गेले की झालं, मग आयुष्यात पुन्हा कुणापुढे दचकायला नको. तिने पांढरा सूट शिवून घेतला.

फेब्रुवारीतला तो शनिवार कोरडा आणि थंड होता. दिवाणखान्यात पांढऱ्या कपड्यातल्या मुलींची रांग लागली होती, आणि आपापल्या लेकीशेजारी आया. जिन्याच्या पायथ्याशी एक छोटं टेबल, टेबलाशी चष्मा लावलेली एक बाई, पुढ्यात टंकलेली यादी. प्रत्येक आई नाव सांगे, बाई यादीत बोट फिरवे आणि दोघी वर जात. अर्लीनने ती बाई ओळखली. केस पिकले होते, पण हनुवटी तीच. मेरी नेल.

"ही माझी मम्मा, मॅम," मेलिंडा म्हणाली, तेही सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "अर्लीन टॉल्बर्ट. बासष्टची."

मेरी नेलचं बोट यादीवरून खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं. मग तिने चष्म्यावरून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"अर्लीन," ती म्हणाली. "अगं, अर्लीन बीझली."

ते अर्लीनचं माहेरचं आडनाव. मेरी नेलला सगळं आठवलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. रांगेत मागे कुणीतरी खोकलं. मेलिंडा एकीकडून दुसरीकडे बघत होती, अजून हसतच होती.

मेरी नेलने पेन उचललं. "या टंकणाऱ्या मुली म्हणजे ना," ती सहज म्हणाली, "दरवर्षी एक नाव गाळतात. थांब, मी लिहून टाकते. तू जा वर."

आणि तिने खरंच 'अ' लिहिला.

इतक्या वर्षांत अर्लीनसाठी कुणी एवढं केलं नव्हतं. आत जायला आता फक्त पाय उचलायचा होता. चौदा पायऱ्या होत्या. त्या झाडण्याची पाळी तिच्यावर कितीदा तरी आली होती. वर जाऊन पोरगी पहिली शपथ घेणार, बहिणींशी खरं वागण्याची असणार ती, दुसरी कसली असणार. आणि तिच्या शेजारी कोण? तर उसन्या नावाची बाई. ते अर्लीनच्या जिवावर आलं. मेरी नेलची दया तिला नको होती असं नाही. हवी होती, फार हवी होती. पण लेकीच्या शपथेत ती लबाडी कालवायला तिचा हात धजेना.

"यादी बरोबर आहे, मेरी नेल," ती म्हणाली. "मी प्लेज होते फक्त. दीक्षा झालीच नाही माझी."

मेलिंडाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतंच, त्यात ती नव्हती.

"मम्मा?"

"जा तू. रांग अडलीय."

मेरी नेल उठली, मेलिंडाच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, "चल पोरी, मी लावते पिन." दोघी वर गेल्या. अर्लीनने रांगेतल्या आयांना "एक्स्क्यूज मी, मॅम" म्हणत वाट काढली आणि गाडीत जाऊन बसली. पांढऱ्या सुटाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून ताठ बसली, मग तिचं तिलाच कळलं की आता पडल्या तरी हरकत नाही.

दीड तासाने मेलिंडा आली. हातात फॉइल लावलेली कागदी बशी, चिकन सॅलडची सँडविचं. छातीवर पिन. ती शेजारच्या सीटवर बसली आणि बशी दोघींच्या मध्ये ठेवली. डोळे सुजले होते.

"तू मला सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी सगळ्यांना सांगत फिरले. सगळ्यांना, मम्मा. माझी आई इथली, माझी आई इथली."

"हो गं."

"मग मला घेतलं ते काय खोट्यावर घेतलं?"

अर्लीन वळली. याचं उत्तर मात्र तिच्याकडे होतं. "नाही. ती टेबलावरची यादी पाहिली तेव्हा उमगलं मला. ती संस्थेच्या मुख्य कचेरीतून येते, आणि कुणाला घ्यायचं ते ठरवायच्या आधीच इथल्या बहिणी फॉर्म तिच्याशी ताडून बघतात. माझं नाव तिच्यात नाही, हे त्यांना सप्टेंबरातच कळलं असणार. माझी काडीइतकी मदत झाली नाही तुला. तुला घेतलं ते तुझ्यासाठी."

मेलिंडाने एक सँडविच अर्धं करून आईच्या हातात दिलं. दोघी खात बसल्या. अर्लीनला वाटलं, विचारायचं असेल तर आत्ताच. आता तर लपवायचंही काही उरलं नव्हतं.

"काय असतं गं आत?" तिने विचारलं.

मेलिंडाचा घास थांबला. तिने आईकडे पाहिलं, पिनेवर हात ठेवला, आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले. खोटं सांगणं तिला सहज जमलं असतं. खरं सांगणंही.

"ते फक्त बहिणींनाच सांगता येतं, मम्मा," ती अगदी हळू म्हणाली.

अर्लीनने मान हलवली. तिला वाईट वाटलं, आणि पोरीने सांगितलं असतं तर याहून वाईट वाटलं असतं, हेही तिला कळलं. पोर्चवरून चार-पाच मुली मेलिंडाच्या नावाने हाका मारत होत्या, फोटोसाठी. मेलिंडा हलेना.

अर्लीनने तिच्या ओठाला लागलेलं सॅलड अंगठ्याने पुसलं.

"जा," ती म्हणाली. "तुझ्या बहिणी थांबल्यात."