मारियामातेचा मुक्काम

दोन्या इनिरिदा, म्हणजे आमच्या इनिरिदाबाई, विद्यापीठाच्या मधोमध राहते. आमची सान रोके आळी विद्यापीठाने एकेक घर करत विकत घेतली, भोवती कुंपण घातलं, आणि जिने विकलं नाही ती आत राहिली. तिच्या भिंतीला लागूनच इंजिनियरिंगची प्रयोगशाळा आहे. यंत्रं सुरू झाली की तिच्या फडताळातल्या बशा वाजतात. स्वतःच्या घरी जायला तिला फाटकावर कार्ड दाखवावं लागतं. तिच्याकडे येणाऱ्याने सहाच्या आत बाहेर पडायचं.

पहिलं घर विकलं ते मी. शिंपी माणूस, भाव चांगला आला, विकून मोकळा झालो. वर शहाणपणा करून शेजाऱ्यांनाही सांगत फिरलो, की विका, नाहीतर पस्तावाल. इनिरिदा तेवढी म्हणाली, "एवेलियो, घर म्हणजे तुझी पँट नाही, उसवली की दुसरी शिवली."

आळीत मारियामातेची एक मूर्ती होती, काचेच्या पेटीत बसवलेली. ती घरोघर फिरायची. एका घरी आठवडाभर मुक्काम, मग पुढच्या घरच्यांनी येऊन न्यायची. मातेला एकटं ठेवायचं नाही आणि घ्यायला कोणी आल्याशिवाय घरातून हलवायचं नाही, हा नियम. घरं कमी होत गेली तशी तिची फेरी आखडत गेली. गेले अकरा महिने ती इनिरिदाकडेच आहे, कारण पुढचं घरच नाही.

"आम्ही दोघी नजरकैदेत," इनिरिदा हसून सांगायची. त्या हसण्यात काही दम नसायचा.

मग काली शहराहून तिच्या मुलीचा, मार्लेनीचा फोन आला. चाळिशीला टेकलेली, दोनदा दिवस जाऊन पोट रिकामं झालेलं, आता आठवा महिना लागलेला. "आई, या वेळी तरी ये. मला फार भीती वाटते गं."

इनिरिदाने मला बोलावून घेतलं. "तू माझ्या शेजारच्या दारचा. पाळी तुझी. हिला घेऊन जा, म्हणजे मी लेकीकडे जाते."

मी सतराशे साठ सबबी सांगितल्या. आता राहतो तो आठवा मजला, बंद लिफ्ट, बायकोचा गुडघा.

"तुझ्या बायकोला विचारलंय मी. हो म्हणाली."

शनिवारी सकाळी गेलो. इनिरिदा ठेवणीतला निळा झगा घालून तयार होती. बाळासाठी विणलेली टोपडी पिशवीत, दहाच्या बसचं तिकीट मुठीत. मी पेटी उचलली आणि आम्ही फाटकाशी आलो. पहाऱ्यावर विल्मार होता, आमच्याच आळीत वाढलेला.

"काका, पेटीचा पास?"

"कसला पास?"

"वस्तू बाहेर न्यायची तर आत आणतानाची नोंद लागते. नोंद नसेल तर ती विद्यापीठाची."

"अरे गाढवा," इनिरिदा कडाडली, "ही आली तेव्हा तुझं फाटक होतं कुठे?"

"तेच तर म्हणतोय, दोन्या. नोंद नाही." तो रडकुंडीला आला. "वर कॅमेरा आहे. माझी नोकरी जाईल. सोमवारी अर्ज करा, खरेदीची पावती जोडून. तुम्ही जा ना, तुम्हाला कोण अडवतंय? पेटी माझ्या चौकीत राहू दे."

चौकीत हेल्मेटं पडली होती आणि एक फुटका पंखा. मी भांडायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पेटी आठ मजले चढवायला नको, रोज दिवा लावायला नको, घर विकल्याची आठवण समोर ठेवायला नको. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

इनिरिदाने माझ्याकडे नीट पाहिलं. "दे इकडे," म्हणाली.

तिने पेटी छातीशी धरली आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. "टोपडी टपालाने पाठव. पत्ता आत आहे."

ती प्रयोगशाळेच्या बाजूने आपल्या घराकडे परत निघाली. मी पिशवी उघडून विल्मारपुढे धरली. त्याने तपासायला मागितलीसुद्धा नव्हती.